मागायच्या आधीच

माझ्या नणंदेला सगळी दुनिया 'सिस्टर' म्हणते. दूधवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, खालच्या मजल्यावरचा वकील म्हणतो, आणि माझा मुलगासुद्धा लहानपणी 'सिस्टर आत्या' म्हणायचा. मी तेवढी 'ताई' म्हणते, कारण त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या शहात्तरच्या, मी एकाहत्तरची. तरी त्या मला 'पोरी' म्हणतात. या वयात आपल्याला पोरी म्हणणारं कुणी उरलंय हे भाग्यच म्हणायचं, पण भाजीवाल्यासमोर, चारचौघांत "पोरी, पिशवी सरळ धर" असं ऐकावं लागलं की त्या भाग्याचा राग येतो.

ताईंनी एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणतात, "वेळच मिळाला नाही, सकाळची यादी कायम लांबायची." काम काय, तर सर्जनच्या शेजारी उभं राहायचं आणि हवी ती वस्तू त्याच्या तळहातावर ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ताईंच्या मते मागितल्यावर देतो तो दुकानदार. मागायच्या आधी देते ती थिएटर सिस्टर.

यावर त्यांची एक ठरलेली गोष्ट आहे. एकदा मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला आणि "कात्री" म्हणाले. ताईंनी हातात चिमटा ठेवला. डॉक्टर खेकसले, "सिस्टर, मी कात्री मागितली." ताई म्हणाल्या, "मागितलीत कात्री. हवाय चिमटा." आणि तेवढ्यात रक्ताची चिळकांडी उडाली, आणि चिमटाच लागला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली. त्या वेळी रक्त डॉक्टरांच्या चष्म्यापर्यंत उडालं होतं. आता ते छतापर्यंत पोचलंय.

त्यांचं दुसरं वेड मोजणीचं. टाके घालायच्या आधी थिएटरमध्ये सगळ्या वस्तू मोजतात. कापसाचे बोळे, सुया, चिमटे. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं बघून "बरोबर" म्हणायचं. दुसरीनं "बरोबर" म्हटलं नाही तर जखम शिवायची नाही, मग मोठे डॉक्टर कितीही आदळआपट करोत. ही पद्धत ताईंनी निवृत्त होताना इस्पितळात ठेवून यायला हवी होती. त्या ती घरी घेऊन आल्या. आम्ही घराबाहेर पडायचं म्हणजे दारात उभं राहून, "चावी." "बरोबर." "चष्मा दोन." "बरोबर." "गॅस बंद." "बरोबर." शेजारीण म्हणायची, तुम्ही बाजारात चाललात की लढाईवर?

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस, गेलाही शांतपणे, एका दुपारी दुकानातच. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. मुलाला दुसऱ्या शहरात नुकती नोकरी लागली होती. ताई त्याच महिन्यात निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना इस्पितळाची खोली सोडायची होती. सगळे पाहुणे निघून गेले त्या संध्याकाळी मी सहज बोलून गेले, "ताई, एकटीला झोप नाही यायची." दुसऱ्या दिवशी त्यांची लोखंडी खाट आली आणि माझ्या खाटेला समांतर, मध्ये एक हात जागा सोडून, उभी राहिली. उशाशी एक छोटा दिवा आला. तो रात्रभर जळायचा.

ती खाट एकोणीस वर्षं तिथंच होती.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगायचं माझं वय राहिलेलं नाही. मला एकटीला झोप आली नसती ती फक्त पहिले दोन महिने. मग यायला लागली असती. पण ताईंचा तो दिवा! मला मिट्ट काळोख लागतो. मी एकोणीस वर्षं भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर चादर ओढून झोपले. बोलले नाही. मला वाटायचं, ताईंना अंधार सोसत नसेल. चौतीस वर्षं झगझगीत उजेडात काढलेली बाई, आता शेवटी शेवटी तिला काळोखात कशाला ढकला?

आणि दिव्याचं सोडा. मला आयुष्यात एकदाही स्वतःची खोली मिळाली नाही. माहेरी आम्ही सहा बहिणी, एका ओळीत झोपायचो, मी चौथी. कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची. सासरी दोन खोल्या. पुढच्या खोलीत सासूबाईंचा खोकला, मागच्यात आम्ही, मग मुलगा. मी घरी शाळेचे गणवेश शिवायचे, त्यामुळे पुढच्या खोलीत निळ्या चड्ड्यांचे आणि पांढऱ्या सदऱ्यांचे ढीग. नवरा गेला, मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, खोलीत जागा झाली म्हणावं तर ताईंची खाट आली. दार आतून लावून, कुणी नाही अशा खोलीत बसायचं, एवढी साधी गोष्ट. पण ती मला एखादीला हिऱ्याची कुडी हवी असावी तशी हवी होती. आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

सांगणार तरी कुणाला? ताईंनी मला टायफॉईडमधून बाहेर काढलं. माझं पथ्य, माझी औषधं, माझ्या मशीनचं तेल सगळं त्यांनी बघितलं. तहान लागायच्या आधी पाण्याचा पेला, शिंक यायच्या आधी रुमाल. जेवताना मीठ कमी वाटलं असं माझ्या मनात येईपर्यंत मिठाची बरणी माझ्यासमोर. पहिली दोन वर्षं मला त्याचं कौतुक वाटलं, पुढची दोन वर्षं चीड आली, आणि मग मागायची सवयच मोडली. तोंडातलं वाक्य तोंडातच राहायचं, कारण उत्तर आधीच हातात असायचं. अशा बाईला "तुमची खाट दुसरीकडे हलवा" म्हणायचं म्हणजे काम सरो वैद्य मरो. मला ते जमलं नाही.

जागा बदलायची वेळ यंदा आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट येणार, येणार म्हणून वीस वर्षं ऐकत होतो. एक दिवस भाजी घेऊन येताना पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर ताईंचा उजवा गुडघा अडकला. पुढे नाही, मागे नाही. तिथंच बसल्या. मी शेजारी बसले. वकिलाच्या बायकोनं खुर्ची आणली, कुणी चहा आणला, कुणी उशी. दीड तास आमचा दरबार जिन्यातच भरला होता. ताईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याला चिमट्याची गोष्ट सांगितली. रक्त छतापर्यंत पोचलं ते त्याच दिवशी.

शेवटी दोन धडधाकट माणसांनी त्यांना उचलून वर आणलं. खाटेवर पडल्या पडल्या ताई म्हणाल्या, "पोरी, आता जागा बघायला हवी. लिफ्ट असलेली, नर्स असलेली, पण आपली आपण राहू अशी."

मी तेच म्हणणार होते. अर्थात.

मुलाला फोन केला. तो हळूच म्हणाला, "आई, वृद्धाश्रम?"

"वृद्धाश्रम कुठला, अरे? आपलं घर, आपली चावी, आपलं स्वयंपाकघर. मनात आलं तर खाली जाऊन सगळ्यांबरोबर जेवायचं, नाही आलं तर दार लावून बसायचं. बल्ब गेला तर बदलायला माणूस आहे. रात्री दुखलं-खुपलं तर नर्स आहे."

"मग आमच्याकडे या ना दोघी."

"तुझ्याकडे येऊन काय करू? तू आठला जातोस, सूनबाई साडेआठला जाते. मग मी आणि सिस्टर आत्या दिवसभर तुमच्या मांजराकडे बघत बसू?"

तो हसला. पण मुलगाच तो, शेवटचं अस्त्र काढलंच. "लोक काय म्हणतील?"

"लोक माझी पिशवी तिसऱ्या मजल्यावर आणून देणार असतील तर म्हणू दे काय म्हणायचं ते."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की 'दार लावून बसायचं' हे शब्द माझ्या तोंडातून जरा जास्तच गोड निघाले होते. ताई समोर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आम्ही तीन वसाहती बघितल्या. ताईंची तपासणीची पद्धत त्यांनी मला आधी सांगितली नाही, नाहीतर मी गेलेच नसते. पहिल्या ठिकाणी दारात कारंजं, आत गुळगुळीत दगडी फरशी, आणि छातीला नावाची पट्टी लावलेली एक मुलगी. ती आम्हाला बघून ओरडली, "आजीऽऽ, बसा हं!"

"बाळ," ताई म्हणाल्या, "माझा गुडघा गेलाय, कान शाबूत आहेत. न्हाणीघर दाखव."

अशा घरांतल्या न्हाणीघरात भिंतीला एक लाल दोरी असते. माणूस पडला तर ती ओढायची, खाली घंटा वाजते, मदत येते. पहिल्या ठिकाणी ती दोरी गाठ मारून पार वर, छताजवळ बांधून ठेवली होती. फरशी पुसताना मध्ये येते म्हणून. ताईंनी त्या मुलीला विचारलं, "पडलेला माणूस कुठे असतो?" मुलगी गोंधळली. "जमिनीवर," ताईंनीच उत्तर दिलं, आणि आम्ही कारंज्याला वळसा घालून बाहेर पडलो. नाव मोठं, लक्षण खोटं.

दुसऱ्या ठिकाणी दोरी जागेवर होती. आम्हाला घर दाखवणारा माणूस खिडकीतून दिसणारी बाग दाखवत असताना ताई न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी सरळ दोरी ओढली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड मिनिटात चार जणं धावत आली. एकाच्या हातात प्राणवायूची नळी, पण नळकांडं खालीच राहिलेलं. दुसरीच्या हातात चाव्यांचा जुडगा, पण दुसऱ्याच मजल्याचा. सगळे एकदम बोलत होते. ताईंनी त्यांचे आभार मानले, आणि बस स्टॉपवर आल्यावर मला म्हणाल्या, "धावत येणारा माणूस नेहमी काहीतरी विसरून येतो."

तिसरी इमारत जुनी होती. रंग बराच उडालेला, कारंजं नाही. पण जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, आणि जेवणघरातल्या खुर्च्यांना हात. मागच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते आणि दुसरे त्यांना कशा बांधायच्या नाहीत ते सांगत होते. ताईंनी दोरी ओढली. एक मध्यमवयीन नर्स आली. धावत नाही, झपझप चालत. हातात बरोबर त्याच घराची चावी. तिनं आम्हा दोघींकडे बघितलं, ताईंच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "किती लागले?"

"पन्नास सेकंद," ताई म्हणाल्या.

"लिफ्ट वर अडकली होती. एरवी चाळीस."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. चोराला चोराची ओळख पटते म्हणतात, तसंच नर्सचंही असावं. ताईंचं तिथंच ठरलं. मलाही नाही म्हणायचं कारण नव्हतं, कारण थोड्याच वेळात मीही माझी तपासणी उरकली.

तिथं दोन प्रकारची घरं रिकामी होती. पहिल्या मजल्यावर एक मोठं घर, त्यात बसायची खोली आणि दोन खाटांची एक झोपायची खोली. आणि तळमजल्यावर एकमेकींना लागून दोन छोटी घरं, एकेका माणसाची. ताई नर्सशी बोलत असताना मी त्या छोट्या घरात गेले. खिडकीबाहेर लिंबाचं झाड. खिडकीखाली माझं मशीन मापात बसेल एवढी जागा. मी वितीनं मोजली. दाराला आतून कडी होती. ती मी एकदा लावली, एकदा काढली, पुन्हा लावली. आणि त्या रिकाम्या खोलीच्या मध्यभागी एकटीच उभी राहिले. फार तर अर्धा मिनिट. सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अर्ज शुक्रवारपर्यंत भरून द्यायचा होता. ताईंनी तो पिशवीत टाकला आणि घरी आल्या आल्या टेबलाशी बसून, त्यांच्या त्या शिस्तीच्या अक्षरात भरून, पाकिटात घालून ठेवला. मला काहीही विचारलं नाही. चौतीस वर्षं जिच्याकडे कुणाला तोंडानं मागावं लागलं नाही, ती मला काय विचारणार?

माझ्या हातात चार दिवस होते. मी काय केलं? ताकाला जाऊन भांडं लपवलं. सोमवारी म्हटलं, "ताई, तुमच्या गुडघ्याला तळमजला बरा पडेल ना?" त्या म्हणाल्या, "लिफ्ट आहे की." मंगळवारी म्हटलं, "माझ्या मशीनची खडखड तुम्हाला नकोशी होत असेल." त्या म्हणाल्या, "सवय झालीय. नसली तर चुकल्यासारखं होईल." बुधवारी मी नुसताच मोठा सुस्कारा सोडला. ताईंनी माझ्यासमोर ओव्याचं पाणी ठेवलं. गुरुवारी मी काहीच बोलले नाही. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, हे आई लहानपणापासून सांगायची. माझ्या डोक्यात ते शिरलं नाही ते नाहीच.

शुक्रवारी आम्ही कचेरीत गेलो. व्यवस्थापक भला माणूस, टक्कल पडलेला, बोलायला मऊ. ताईंनी पाकिटातून अर्ज काढला. तो हात पुढे करून घेणार एवढ्यात ताई म्हणाल्या, "थांबा. सही करायच्या आधी मोजणी."

"कसली मोजणी?"

"मी वाचते, ही 'बरोबर' म्हणेल. मग सही."

व्यवस्थापकानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. या बाबतीत माझं काही चालत नाही हे त्यालाही एका नजरेत कळलं.

ताईंनी चष्मा लावला आणि सुरू केलं.

"वय शहात्तर आणि एकाहत्तर."

"बरोबर."

"रक्तदाब दोघींना. मधुमेह एकीला."

"बरोबर."

"जवळचा नातेवाईक, मुलगा. फोन नंबर खाली."

"बरोबर."

"सामानात शिलाई मशीन एक."

"बरोबर."

"घर पहिल्या मजल्यावरचं, मोठं. दोघी एकत्र. झोपायची खोली एक, खाटा दोन."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "घर पहिल्या मजल्यावरचं," त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी तशाच आवाजात, "झोपायची खोली एक, खाटा दोन."

खाली फरशीवर काळे-पांढरे चौकोन होते, ते मी बघत बसले. व्यवस्थापक हसत म्हणाला, "बरोबरच असणार, सिस्टर. करा सही."

"नाही," ताई म्हणाल्या. "तिनं म्हटलेलं नाही." आणि पेनाचं टोपण लावून पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे पूर्ण वळल्या. "काहीतरी राहिलंय. काय राहिलंय, पोरी?"

त्यांचाच नियम होता, आणि त्या त्याला धरून बसल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांसाठी मोडला नाही तो माझ्यासाठी काय मोडणार? मी सुटणार नव्हते. शेवटी एकदम बोलून टाकलं, तेही असं मोठ्यानं की बाहेरचा शिपाई डोकावला. "मला वेगळी खोली हवीय. माझी एकटीची. दाराला आतून कडी असलेली."

व्यवस्थापक बिचारा टेबलावरच्या टाचण्या सारख्या करत बसला.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मागू कुठे देता?"

हे मला बोलायचं नव्हतं. निदान असं बोलायचं नव्हतं. पण ते निघालं आणि टेबलावर पडलं, आणि आता उचलून परत आत ठेवता येत नव्हतं. ताईंनी चष्मा काढला, सुई तपासावी तसा उजेडात धरला, पुसला, पुन्हा लावला. मग पेन उचललं. इस्पितळात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. त्यांनी तशी रेघ मारली, सही केली, आणि वर लिहिलं, तळमजला, छोटी घरं दोन.

"तळमजला, छोटी घरं दोन," त्यांनी वाचलं.

"बरोबर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखा चहा केला, नेहमीसारखा माझ्या साखरेचा, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला वाटलं, केलंस, बाई, एकोणीस वर्षांचं एका वाक्यात मातेरं केलंस. मी मनातल्या मनात परत त्या कचेरीत जाऊन अर्ज फाडून आले, दहादा तरी. मनात आलं, सांगावं, की मला खोली नको, तुम्ही हव्यात. पण ते खरं नव्हतं. मला दोन्ही हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडदे काढत होते. ताई स्टुलाला हात लावून उभ्या होत्या, मी पडू नये म्हणून. खालूनच म्हणाल्या, "चौतीस वर्षं माझी मोजणी एकदाही चुकली नाही. आणि इथं घरात एकोणीस वर्षं चूक."

"अहो, चूक कसली त्यात?"

"तू म्हणालीस, एकटीला झोप यायची नाही. मी खाट आणली. पुन्हा विचारलं नाही. चूक नाही तर काय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तो दिवा. मला काळोख लागतो झोपायला. तुझ्यासाठी म्हणून मी एकोणीस वर्षं डोळ्यांवर पट्टी बांधून झोपले."

मी स्टुलावरून खाली उतरले. खरंच, त्या रात्री डोळ्यांवर एक मऊ पांढरी पट्टी बांधायच्या. मला वाटायचं, ही इस्पितळातली सवय असेल.

"दिवा माझ्यासाठी होता?" मी विचारलं.

"मग काय माझ्यासाठी? डोक्यावर चौतीस वर्षं दिवे जळत होते, आणखी कशाला हवा?"

मी चादरीचं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचं सांगितलं. ताई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. इतक्या हसल्या की गुडघा दुखायला लागला आणि खाटेवर बसावं लागलं. मीही त्यांच्या शेजारी बसले. दोघींनी मिळून केवढी वीज जाळली, कुणासाठी? हसता हसता त्यांनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला, लहान मुलीला घालतात तसा. मला त्याचा फार आनंद झाला.

महिन्याभरानं आम्ही राहायला आलो. मुलगा आणि सून दोन दिवस रजा काढून सामान लावायला आले. मुलानं न्हाणीघरातली लाल दोरी उत्सुकतेनं ओढून बघितली आणि नर्सची चांगलीच बोलणी खाल्ली. मशीन खिडकीखाली, मी वितीनं मोजलं होतं तसंच बसलं. ताई शेजारच्या घरात. मधली भिंत पातळ आहे. त्यांचा खोकला ऐकू येतो, माझी खडखड त्यांना. चुकल्यासारखं व्हायला नको.

पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दहादा कडी लावली. आत काही करत नव्हते. नुसती बसायचे. मग ते वेड कमी झालं, आणि आता कडी कधी लावते, कधी विसरते. शेजारच्या टोमॅटोवाल्या गृहस्थांच्या सदऱ्याला नवी कॉलर शिवून दिली, तेव्हापासून माझ्याकडे दुरुस्तीचे कपडे यायला लागलेत. ताई अंगणात बसून नव्या लोकांना चिमट्याची गोष्ट सांगतात. नर्सनं त्यांना विचारलं म्हणे, रक्त छतापर्यंत कसं उडेल? ताईंनी तिच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं.

काल सकाळी मी मशीनवर होते, कडी लावलेली होती. दारावर टकटक झाली. ताईंनी आयुष्यात कधी दार वाजवलं नव्हतं. त्या यायच्या, आणि त्यांच्या हातात काहीतरी असायचं. मी कडी काढली. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. पाण्याचा पेला नाही, औषध नाही, चहा नाही. हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"पोरी," त्यांनी विचारलं, "तुला काही हवंय का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला काय हवंय ते त्या क्षणी मलाच ठाऊक नव्हतं.

"थांबा हं, विचार करून सांगते," मी म्हटलं.

"कर की. मला घाई नाही."

पण त्यांचा गुडघा. मी मशीनपुढची खुर्ची ओढून उंबऱ्याशी आणून ठेवली. त्यांनी ती मागितली नव्हती. ताई बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि मी काय मागते याची वाट बघत राहिल्या.